फोटोंचं सॉफ्टवेअर अपडेट करताय? मग हे सल्ले पाळाच

'नवीन व्हर्जन उपलब्ध आहे' अशी खिडकी आली की विचार करत बसू नका, दाबून टाका. त्या बिचाऱ्यांनी खपून सगळ्या बटणांच्या जागा बदलल्यात आणि तुम्ही म्हणणार मला जुनंच बरं होतं, शोभतं का हे? मला गेल्या आठवड्यात ही खिडकी आली तेव्हा तिच्यावर 'आत्ता' आणि 'नंतर आठवण करा' एवढीच दोन बटणं होती, 'नको' म्हणायची सोयच नव्हती. किती काळजी घेतात बघा आपली, निर्णय घ्यायचा त्राससुद्धा ठेवत नाहीत.

मग 'कॅटलॉग कन्व्हर्ट होत आहे, थोडा वेळ लागू शकतो' असं येईल. कॅटलॉग म्हणजे काय ते विचारू नका. त्यात फोटो नसतातच, फोटो आपापल्या फोल्डरात सुखरूप असतात. कॅटलॉगमध्ये फक्त तुमचं काम असतं. कुठल्या फोटोला किती स्टार दिले, त्यात कोण कोण आहे, तो कुठल्या अल्बममध्ये टाकला, किती उजळवला, कुठून कापला, एवढंच. म्हणजे किती वर्षांच्या रविवारच्या दुपारी, दुसरं काय. नवीन व्हर्जन ते सगळं आपल्या पद्धतीने लिहून घेतं आणि तो नवा कॅटलॉग जुन्या व्हर्जनला उघडता येत नाही. जायचा रस्ता आहे, यायचा नाही. हे त्या खिडकीत लिहिलेलं नसतं, कारण तुम्हाला उगाच टेन्शन नको.

बॅकअप घेऊ नका. बॅकअप घेणारी माणसं संशयी असतात.

नावावर विश्वास ठेवा. अ‍ॅडोबीने ऑक्टोबर 2017 मध्ये काय सुंदर काम केलं आठवतंय ना? लोक वर्षानुवर्षं वापरत होते त्या लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरचं नाव 'क्लासिक' करून टाकलं आणि 'लाइटरूम सीसी' हे नाव एका वेगळ्याच, क्लाउडवर चालणाऱ्या नव्या प्रोग्रॅमला दिलं. म्हणजे जुन्याला नवीन नाव आणि नव्याला जुनं नाव. त्यानंतर मदत शोधायला गेलं की अर्धी उत्तरं ह्याची आणि अर्धी त्याची, बसा जुळवत. आणि एकदा पैसे भरून कायमचं घ्यायचं ते लाइटरूम 6 शेवटचं ठरलं, आता दर महिन्याला भरा.

स्टारबिर देण्यात वेळ घालवू नका. अ‍ॅपलने 2014 मध्ये अ‍ॅपर्चर हे आपलं फोटोंचं सॉफ्टवेअर पुढे वाढवणार नाही असं जाहीर केलं, 2015 मध्ये आयफोटोच्या जागी फोटोज आणलं, आणि त्या नव्यात स्टार रेटिंग नव्हतंच. मग लोकांनी दिलेल्या स्टारचं काय? ते कीवर्ड झाले. तुम्ही निवडून निवडून पाच स्टार दिलेला फोटो आता 'पाच स्टार' अशी चिठ्ठी चिकटवलेला फोटो. मिळालं की नाही सगळं? मग कुरकुर कशाची?

गूगलचं पिकासा हे फोटोंचं जुनं सॉफ्टवेअर वापरणारे अजून असतील तर त्यांनी फोल्डर कॉपी करताना लपवलेल्या फायली मुळीच घेऊ नयेत. न सेव्ह केलेलं एडिटिंग त्या लपलेल्या छोट्या फाइलमध्ये असतं आणि सेव्ह केलेल्याचा मूळ फोटो लपलेल्या फोल्डरात असतो, पण 2016 मध्ये सॉफ्टवेअरच बंद झालं तर तुम्ही कशाला मागे लागताय.

आता चेहरे. हा सल्ला नीट ऐका. जुन्या व्हर्जनमध्ये तुम्ही घरातल्या प्रत्येकाला नाव दिलेलं असतं, लग्नातल्या गर्दीत मागे अर्धवट दिसणाऱ्या काकांनासुद्धा. नवीन व्हर्जन म्हणतं, आमचं चेहरे ओळखायचं तंत्र आता फार हुशार झालंय, आम्ही पुन्हा पहिल्यापासून ओळखतो. आणि ओळखतं. माझी आजी आणि मावशी आता एकच बाई आहेत. दोन भाऊ लहानपणी चार वेगवेगळी मुलं होती. पडद्यावरच्या नक्षीत त्याला एक इसम सापडलाय आणि 'ह्यांचं नाव काय?' असं ते मला रोज विचारतं, रोज, मी 'दुर्लक्ष करा' म्हटलं की दुसऱ्या फोटोतला तोच पडदा घेऊन येतं. आणि मी हाताने लिहिलेली नावं? ती जुन्या डेटाबेसात होती हो, ती आणायची सोय ह्या व्हर्जनमध्ये नाही, 'पुढच्या काळात विचार करू' म्हणे. त्यात जी माणसं आता नाहीत त्यांना ओळखणारं घरात आजीशिवाय कोणी उरलं नव्हतं म्हणून तर आजीला शेजारी बसवून एकेक नाव लिहून घेतलं होतं ना मी, की ही तिची चुलत बहीण, हा शेजारचा, ही शाळेतली बाई, ती आजी पण आता नाही, मग कोणाला विचारू, पडद्यातल्या इसमाला?

असो. सल्ले.

तारखांची काळजी करू नका. जुने फोटो स्कॅन केले की त्यांना स्कॅनची तारीख लागते, म्हणून मी प्रत्येकाला खरी तारीख हाताने घातली होती. जुन्या व्हर्जनने ती फोटोच्या फाइलमध्ये न लिहिता स्वतःजवळच ठेवली होती, नव्याने फाइल बघितली, विषय संपला. आता आजोबांचं लग्न 2019 मध्ये झालंय आणि त्याच्या आधी त्यांच्या नातीचा पहिला वाढदिवस. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंचं तर विचारूच नका, त्यांची आतली माहिती वाटेतच गळालेली असते, ज्या दिवशी डाउनलोड केले तो त्यांचा जन्मदिवस.

जुनं परत टाकायचं? टाका की. कंपनीच्या साइटवर फक्त ताजं व्हर्जन मिळतं, जुना इन्स्टॉलर तुम्ही जपून ठेवलेला नसेलच, मग कुठल्यातरी साइटवर तीन हिरव्या डाउनलोड बटणांपैकी खरं कुठलं ते ओळखायचा खेळ खेळा. जिंकलात आणि अपडेटच्या आधीच्या कॅटलॉगची कॉपी सापडली तर जुनं उघडेल, मात्र मधल्या काळात नव्यात केलेलं काम त्यात नसेल.

दोन्ही व्हर्जन शेजारी शेजारी ठेवायची असतील तर नव्यात एका फोल्डरचं नाव बदलून बघा आणि मग जुनं उघडा. त्या फोल्डरातल्या सगळ्या थंबनेलवर, म्हणजे छोट्या चित्रांवर, 'फाइल सापडत नाही' अशा खुणा. छान दिसतं.

मदत केंद्राशी चॅटवर बोला. 'आपण कॅश साफ करून पाहिलीत का?' हो. 'रीस्टार्ट केलंत का?' हो. 'आपला अनुभव कसा वाटला, पाच पैकी स्टार द्या.' देतो, पण ह्याचेही कीवर्ड करणार का?

आणि सेटिंगमध्ये कुठेतरी खोल 'माहिती फाइलमध्येही लिहा' अशी चौकट असते, तिला हात लावू नका. लाइटरूम क्लासिकमध्ये ती बंदच येते. चालू केली तर स्टार, कीवर्ड, मथळे हे सगळं फोटोबरोबर किंवा त्याच्या शेजारच्या एक्सएमपी नावाच्या छोट्या माहितीच्या फाइलमध्ये राहतं आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येतं, म्हणजे तुम्ही उद्या सोडून जाल ना त्यांना. अल्बम मात्र तेव्हाही कॅटलॉगमध्येच अडकलेले राहतात.

बास झालं, आता सरळच बोलतो. लेको, फोटो आमचे, नावं आम्ही घातली, तारखा आम्ही शोधल्या, आणि तुम्ही त्याला 'लेगसी डेटा', म्हणजे जुनाट माहिती, म्हणून कोपऱ्यात टाकता? मागचं वाचायचा कोड लिहायला माणूस मिळत नाही आणि आयकॉन गोल करायला अख्खी टीम मिळते? रंग बदला, मेन्यू हलवा, काय हवं ते करा, पण माझं जुनं काम जसंच्या तसं वाचता येत नसेल तर नवीन व्हर्जन बाहेर काढूच नका. निदान कन्व्हर्ट करायच्या आधी मोठ्या अक्षरात लिहा की परत येता येणार नाही, चेहऱ्यांची नावं जाणार, हाताने घातलेल्या तारखा जाणार. एक ओळ लिहायची होती फक्त. ती लिहिली असती तर कोणी बटण दाबलं नसतं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, म्हणूनच नाही लिहिलीत.