पळसाचं नाव फुलावरून नाही, पानावरून पडलंय

फाल्गुन आला की पळसाच्या फुलांचे फोटो सुरू होतात आणि बहुतेकांखाली 'फ्लेम ऑफ द फॉरेस्ट' लिहिलेलं असतं. फुलं देखणी आहेतच, वाद नाही. पण झाडाचं आपलं नाव फुलाबद्दल चकार शब्द काढत नाही, आणि हे कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

संस्कृतात 'पलाश' म्हणजे पान. फल-फळ, काल-काळ तसंच पलाश-पळस. त्याहून जुनं वैदिक नाव 'पर्ण', म्हणजे पुन्हा पानच! ऋग्वेदातल्या ओषधिसूक्तात ते अश्वत्थाच्या जोडीला येतं. 'पर्ण'चा आणखी एक अर्थ पीस. गायत्री छंद पक्षी होऊन सोम आणायला गेला तेव्हा एक पीस गळून पडलं आणि त्यातून पळस उगवला, ही शतपथ ब्राह्मणातली कथा या दुहेरी अर्थावरच उभी आहे.

'पल म्हणजे मांस, अश म्हणजे खाणारा' अशीही फोड फिरत असते. त्या अर्थाचा 'पलाश' म्हणजे राक्षस; तो उगाच झाडाला चिकटवू नये.

पानच का, हे पळसाचं पान हातात घेतलं की कळतं. एका देठावर तीन दलं. मधलं सगळ्यांत रुंद आणि दोन्हीकडून सारखं, बाजूची दोन बुडाशी तिरकी. जाड, चिवट, काडीने टाचलं तरी सहज फाटत नाही; पत्रावळी आणि द्रोण त्यामुळेच तर होतात. 'पळसाला पाने तीनच' म्हणणाऱ्यांनीही पानंच मोजली.

फुलासाठी वेगळा शब्द होताच: किंशुक. 'किं शुकः?', हा पोपट तर नव्हे? पाकळीचा बाक पाहिला की पटतं.

शास्त्रीय नावातलं 'ब्युटिया' हे अर्ल ऑफ ब्यूट यांच्यावरून. ते 1762-63 मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान होते. झाडाशी त्याचा काय संबंध? पण वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या काळापासून चाललेलं 'फ्रोंडोसा' मला फार आवडतं, कारण त्याचा अर्थ पानांनी भरलेला. पुढे फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनी त्याआधी दिलेलं 'मोनोस्पर्मा', म्हणजे एकबीजी, आधीच्या नावाला मान या नियमाने मान्य झालं. शेंगेच्या टोकाला एकच चपटी बी असते, आपली पळसपापडी, म्हणजे नाव चुकीचं नाहीच. तरी फ्रोंडोसा गेल्याची हळहळ वाटते.