२१ दिवसांत लिव्हर नवीन करणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी चार जणांनी मला तोच मेसेज पाठवला. दहावीच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, मामेभाऊ, आणि चौथा माझ्याबरोबर बसणारा जुना मित्र जो अजूनही बसतो. मला दारूमुळे लिव्हर सिरोसिस झालाय आणि पावणेचार वर्षं मी थेंब घेतलेला नाही हे सगळ्यांना माहितीये, त्यामुळे काळजीनेच पाठवलाय, राग त्यांच्यावर नाही. राग मेसेजवर आहे, कारण त्यातली बरीच वाक्यं अर्धी खरी आहेत आणि अर्धं खरं फार लवकर पटतं.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. "दारूने खराब झालेलं लिव्हर २१ दिवसांत नवीन! (१) लिव्हर परत वाढतं, घाबरू नका. (२) गुळवेल, भुईआवळा, हळदीचा काढा रोज सकाळी घ्या, नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट शून्य. (३) जेवण फक्त उकडलेलं, डाळ-अंडी-मासे बंद, उसाचा रस भरपूर, मीठ सैंधवच. (४) एसजीपीटी नॉर्मल आला की लिव्हर ठणठणीत. (५) नंतर बियर-वाईन माफक चालते, लिव्हर खातात ती देशी आणि व्हिस्की. (६) दारू सोडायला दवाखाना लागत नाही, मनावर घेतलं की एका दिवसात सुटते, नाही सुटली तर जेवणातून न सांगता पावडर द्या. (७) सिरोसिस झाला असेल तर मात्र उपाय नाही, पैसे घालवू नका." आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात, "टीप : काढा चालू असताना दारू वर्ज्य."

मी डॉक्टर नाही, नाशिकला एका कंपनीत क्वालिटीत आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून पिडलंय आणि बाकीचं भोगून कळलंय, तेवढंच लिहितोय.

क्रमाने जात नाही. सहावा आधी, कारण बाकीच्यांनी लिव्हर जाईल, याने माणूस चार दिवसांत जाऊ शकतो. मी पण मनावर घेतलं होतं. रविवारी रात्री शेवटची क्वार्टर, सोमवारपासून बंद, बायकोला शब्द दिला. सोमवारी संध्याकाळी हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता, मंगळवारी रात्रभर घाम, झोप नाही, आणि बुधवारी पहाटे मी तिला उठवून सांगतोय की गॅलरीत कुणीतरी उभं आहे आणि भिंतीवरून मुंग्या उतरतायत. भिंत स्वच्छ होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं ते मला आठवत पण नाही. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूने दाबलेला असतो, तो दाब एकदम निघाला की सगळं उसळून वर येतं, पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, बडबड, ताप, नाडी धडधडणं सुरू होतं, त्याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. त्याच्यावर औषधं आहेत, ती डॉक्टर लिव्हर बघून निवडतात आणि हळूहळू कमी करतात. अजून एक, अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून कुठेतरी नुसती ग्लुकोजची सलाईन चढवून आणतात, ते करू नका, आधी थायमिन म्हणजे बी-१ द्यावं लागतं, दारूड्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं आणि त्याच्याशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

म्हणजे दारू सोडू नका असं नाही, लगेच सोडा, पण रोज पिणारे असाल तर डॉक्टरला सांगून सोडा.

आणि ती पावडर. एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, सगळीकडे तिची जाहिरात. आत काय आहे ते पाकिटावर नसतंच. त्यात डायसल्फिराम असेल तर त्याच्यावर दारू पोटात गेली की तोंड लालभडक होतं, उलट्या, बीपी कोसळतो, आणि ते औषध स्वतःच लिव्हरला त्रास देऊ शकतं म्हणून सिरोसिसवाल्याला सहसा देत नाहीत. ज्याला माहीतच नाही की आपल्या आमटीत काय घातलंय तो संध्याकाळी बसणारच ना! विचारून, समोर ठेवून उपचार करणाऱ्या जागा आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) च्या मीटिंगा बऱ्याच शहरांत होतात, आणि सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६, फुकट आहे.

आता पहिला आणि दुसरा एकत्र, कारण सगळी गोम तिथेच आहे. लिव्हर परत वाढतं हे खरंय. जिवंत माणूस लिव्हर दान करतो तेव्हा साठ टक्क्यांपर्यंत भाग काढतात आणि उरलेलं काही महिन्यांत जवळपास पहिल्या मापाचं होतं. पण ते निरोगी लिव्हर. दारूची पहिली पायरी म्हणजे चरबी, फॅटी लिव्हर, ती दारू थांबवली की काही आठवड्यांत खरंच उतरते. दुसरी पायरी सूज, अल्कोहोलिक हेपटायटिस, ती जोराची असली तर कावीळ होऊन आयसीयूच. तिसरी म्हणजे वण. भाजल्यावर कातडीवर जसा वण राहतो तसे आत वण पडत जातात, मधे मधे गाठी उठतात, आणि गुळगुळीत लिव्हर सीताफळासारखं खडबडीत नि टणक होतं. तो सिरोसिस. तिथे २१ दिवस म्हणजे काहीच नाही.

तरी लोक शपथेवर सांगतात की काढ्याने गुण आला, आणि ते खोटं बोलत नाहीत. आमच्याकडे मशीनच्या दोन सेटिंग एकाच वेळी बदलल्या आणि पार्ट ओके निघाला तर रिपोर्टमध्ये एका सेटिंगचं नाव लिहायची परवानगी नाही, कारण कशाने झालं ते कळलेलंच नसतं. या मेसेजमध्ये दोन सेटिंग बदलल्यात. एक काढा, दुसरी ती तळाची टीप. २१ दिवस दारू बंद ठेवली तर फॅटी लिव्हरवाला काढा न घेता पण सुधारतो, म्हणजे काम करते टीप आणि क्रेडिट खातो काढा. मग बावीसाव्या दिवशी माणूस काय करतो? पुन्हा बसतो, वाटलंच तर परत काढा घेऊ.

साईड इफेक्ट शून्य हे तर बिलकुल नाही. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळत होती, आणि २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या ६ पेशंटांची माहिती मेडिकल जर्नलमध्ये छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की दिसायला तशीच दुसरी वेल असू शकते वगैरे, नंतर देशभरातल्या वेगवेगळ्या हॉस्पिटलमधून ४३ पेशंटांचा अभ्यास पण आला. गुळवेल म्हणजे विष असं मी म्हणत नाही, माझ्या आजीच्या कुंपणावर होती. पण ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच जेमतेम ताकद उरलीये त्याने पानपट्टीच्या शेजारच्या गाड्यावरून, कुठली वेल आणि किती, काही माहीत नसताना रोज पेला भरून प्यायचं का? तीच गोष्ट आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकसारख्या पेनकिलरची, गुडघा दुखला की मेडिकलमधून आणतो आपण, सिरोसिसमध्ये त्याने किडनी बसू शकते आणि रक्तस्राव होऊ शकतो.

तिसऱ्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झालाय. आपल्याकडे कावीळ म्हटलं की एक पॅकेजच असतं. गळ्यात माळ घालायची, ती लांब झाली की कावीळ उतरली (काड्या सुकतात, गाठी सैल होतात, ती लांब होणारच). चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पिवळं पाणी निघतं, आंब्याच्या सालीचा रस हाताला लावला की चुन्याने पिवळं होतंच, लिव्हरचा काय संबंध. आणि जेवायला बिनतेलाची, बिनहळदीची मऊ खिचडी, उसाचा रस, चणे. माझ्या आईने दीड महिना मला हेच घातलं, जीव लावून केलं, आणि माझ्या मांड्या काठीसारख्या झाल्या. पोट मोठं आणि हातपाय काड्या, सिरोसिसवाला असा का दिसतो तर लिव्हरला साठा करता येत नाही, मग शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. एका रात्रीचा उपास म्हणजे निरोगी माणसाचे दोन-तीन दिवस उपाशी राहण्यासारखं. पूर्वी डॉक्टर पण प्रोटीन कमी करायला सांगायचे, आता उलट आहे, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. माझं वजन ६०, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम, आणि एका अंड्यात ६. करा हिशोब. वरण, उसळ, दही, पनीर, अंडी दिवसभर थोडं थोडं, आणि झोपायच्या आधी काहीतरी खायचंच, मी दूध आणि बेसनाचा लाडू खातो. सोमवार, चतुर्थी सगळे उपास बंद. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ना, तो मी.

सैंधवाचं पण सांगतो, कारण सुशिक्षित लोकं पण फसतात. सैंधव हे पण सोडियमच आहे. पोटात पाणी होत असेल तर दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आसपास मीठ, एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण, सुकट, भजीतला सोडा सगळं आलं. लो-सोडियम मीठ आणलंत तर त्यात पोटॅशियम असतं, पाणी उतरवायच्या स्पायरोनोलॅक्टोनच्या गोळीबरोबर ते रक्तात वाढून हृदयाला धोका होतो. सगळं मीठ बंद करून माणसाने जेवणच टाकलं तर तेही वाईट. माझी बायको सकाळीच माझं मीठ वाटीत काढून ठेवते. पहिले दोन महिने मी तिच्याशी मिठावरून जितका भांडलो तितका दारूवरून पण नव्हतो भांडलो.

चौथा पटकन. एसजीओटी-एसजीपीटी म्हणजे आत आत्ता किती पेशी फुटतायत याचा अंदाज, किती लिव्हर उरलंय याचा नाही. सिरोसिसमध्ये ते नॉर्मलच्या आसपास असू शकतात, माझा एसजीपीटी ४१ होता आणि पोटातून ६ लिटर पाणी काढलं होतं. बघायचं ते बिलिरुबिन (कावीळ किती), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो), प्लेटलेट, आणि फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती टणक झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी.

पाचवा, बियर. गणितच करू. स्ट्राँग बियर ६५० मिली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. व्हिस्कीचा ३० चा पेग ४२.८ टक्के, म्हणजे १३ मिलीच्या आत. एक बाटली बियर म्हणजे चार छोटे पेग, आणि उन्हाळ्यात एका बाटलीवर कोण थांबतं. लिव्हरला लेबल वाचता येत नाही. वाईनचं तर आम्हा नाशिककरांना सांगूच नका, २०२२ ला सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय आला तेव्हा 'वाईन म्हणजे दारू नाही' हे टीव्हीवर रोज ऐकलं, पण दीडशे मिलीचा ग्लास म्हणजे दीड पेगच्या जवळपास जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सरळ सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. (गंमत म्हणजे आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने पिण्याचा परवाना लागतो आणि तो कागदावर आरोग्य राखण्यासाठी म्हणून मिळतो. माझ्याकडे आजन्म आहे.)

राहिला सातवा, सिरोसिसला उपाय नाही. हे वाक्य मला एका नातेवाईकाने मी ऐकतोय हे माहीत असताना म्हटलं होतं. वण पूर्ण जात नाहीत, मान्य. पण दारू थांबली की उरलेला भाग काम सांभाळायला लागतो, महिने लागतात, कधी वर्ष. २०२२ साली आलेल्या बव्हेनो-७ नावाच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात याला नावच दिलंय, रिकंपेन्सेशन. मूळ कारण बंद, पाण्याच्या गोळ्यांशिवाय पोटात पाणी नाही, लॅक्टुलोजशिवाय (पोट साफ ठेवायचं औषध) डोकं साफ, वर्षभर रक्तस्राव नाही, आणि रिपोर्ट सुधारलेले. सगळ्यांना जमतं असं नाही, कुणाला ट्रान्सप्लांटच लागतं. मी अजून पूर्ण त्यात बसत नाही. पाण्याच्या गोळ्या गेल्या वर्षी बंद झाल्या, लॅक्टुलोज चालू आहे, दोन-तीन वेळा पोट साफ झालंच पाहिजे नाहीतर अमोनिया डोक्यात जातो, एकदा तर माझी सही इतकी बदलली होती की बँकेने चेक परत पाठवला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा बघायला एंडोस्कोपी, दोनदा बँडिंग, म्हणजे त्या नसा रबराच्या रिंगने बांधणं, झालंय. कंटाळवाणं आहे हो सगळं. पण मी रोज शिफ्टला जातो, जिना चढतो, आणि मागच्या महिन्यात मुलीच्या ॲडमिशनला चार कॉलेजं पायी फिरलो.

हे सगळं याच्यापेक्षा कमी शब्दांत त्या चौथ्याला, मित्राला, लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही, म्हटलं रागावला. रात्री अकराला फोन. बराच वेळ इकडचं तिकडचं, गाडीचं सर्व्हिसिंग, पाऊस, मग एकदम, "ते फायब्रोस्कॅनला उपाशी जावं लागतं का रे?"

म्हटलं तीन तास. सकाळी चहा घेऊ नकोस, मी येतो बरोबर.