सीआरपी नॉर्मल म्हणजे आतडं ठीक, असं नसतं

आमच्या डिचोलीच्या वाड्यावरच्या ग्रुपवर, मग शाळेच्या पालकांच्या, मग माहेरच्या, एकच मेसेज तीनदा आला. म्हणे मुलाला क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (दोन्ही आतड्याला सूज आणणारे, वर्षानुवर्षं राहणारे आजार) आहे का ते आता नुसत्या रक्तावरून कळतं, सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणारा रक्तातला आकडा) नॉर्मल तर आजार नाही, वाढला तर नक्की आहे, अँटिबॉडीचं पॅनेल केलं की कुठला तेही कळतं, आणि कॅमेऱ्याची तपासणी डॉक्टर उगाच करायला लावतात. कृपा करून पुढे पाठवू नका.

पहिलं, सीआरपी नॉर्मल तर आजार नाही. माझ्या मुलीचा नॉर्मलच होता, आणि त्या एका कागदावर विसंबून आम्ही चार महिने घालवले. चवथीला तिने नेवरीला हात लावला नाही, रात्री दोनदा उठून संडासला जायची, गेल्या जूनचा युनिफॉर्म यंदा तसाच्या तसा बसला आणि मला वाटलं बरं झालं, खर्च वाचला. नंतर कळलं की रक्त पडत होतं आणि ती लाजून सांगत नव्हती. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरात असते, त्यामुळे सौम्य असली तर रक्तात काहीच दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. २००७ साली छापून आलेल्या उत्तर अमेरिकेतल्या एका अभ्यासात सौम्य कोलायटिस असलेल्या ५४ टक्के मुलांचे हिमोग्लोबिन, प्लेटलेट, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन), ईएसआर (सीआरपीसारखीच सूज दाखवणारी तपासणी) हे चारही आकडे नॉर्मल होते. अर्ध्याहून जास्त!

वाढला तर नक्की, हे पण खोटं. सीआरपी लिव्हरमध्ये बनतो, शरीरात कुठेही सूज आली की वाढतो, मग तो न्यूमोनिया असो, टायफॉइड असो की पिकलेला गळू, पावसाळ्यात आपल्याकडे तापाने फणफणलेल्या निम्म्या पोरांचा वाढलेला सापडेल.

आता ते पॅनेल, याचा मला खरंच राग येतो, कारण आम्हालाही एका लॅबने ते पॅकेज म्हणून गळ्यात मारलं होतं. त्यात एएससीए आणि पी-एएनसीए या दोन अँटिबॉडी बघतात. एएससीए क्रोन्समध्ये जास्त सापडतं, पी-एएनसीए कोलायटिसमध्ये, एवढं खरं. पण आजार असूनही दोन्ही निगेटिव्ह येणारी मुलं पुष्कळ असतात, आणि आतड्याच्या टीबीमध्येसुद्धा एएससीए पॉझिटिव्ह येऊ शकतं. आपल्या देशात टीबी आणि क्रोन्स वेगळे ओळखणं मुळातच कठीण, त्यात नुसत्या पॅनेलवर विसंबून क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो भडकतो.

रक्तापेक्षा उपयोगी आहे ती शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी, ती थेट आतड्यातली सूज दाखवते. तीही इन्फेक्शनने वाढते, लहान बाळांत तर तशीही जास्त असते, म्हणून शेवटचा निकाल तिचाही नाही.

आणि कॅमेरा उगाच नाही. मुलांमधले हे आजार ओळखायला तज्ज्ञांनी ठरवलेल्या पोर्टो निकषांत वरून आणि खालून, दोन्हीकडून स्कोप (कॅमेऱ्याची नळी) आणि बायोप्सी (अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासणं) सांगितलेली आहे. मुलीला भूल दिली होती, तिला काही आठवत नाही, आदल्या दिवशीचं पोट साफ करायचं औषध तेवढं तिने रडत रडत घेतलं. तुकडा तपासला तेव्हा कुठे आजाराला नाव मिळालं.

रक्त तपासा, जरूर तपासा, ॲनिमिया आणि अल्ब्युमिन कळायला ते लागतंच. पण डॉक्टरांकडे जाताना वजन-उंचीचे जुने आकडे सोबत न्या, वाढ थांबलीय का ते त्यावरून कळतं, आणि रात्री उठावं लागतं का, रक्त पडतं का, हे पोराला जवळ बसवून, बाकी कोणी नसताना विचारा.