लग्नात बाबांना ऐकू आलं नाही, त्याबद्दल

नमस्कार,

‘१ लाख १० हजार मोजून बाबांचं कानाचं मशीन बदललं. दुकानात छान ऐकू येत होतं, पण पुतणीच्या लग्नात शेजारच्याचंही कळेना. जुनंच बरं होतं, महागडं खपवलं,’ असं लिहून तुम्ही एक तारा दिलाय. दोनदा वाचलं. त्यातलं बरंचसं खरं आहे.

‘आता गर्दीतही स्पष्ट ऐकू येईल’ हे आमच्या काउंटरवरून जायला नको होतं. असं मशीन कुणाकडेच नाही, कितीही पैसे मोजा. दुसरी चूक माझी स्वतःची. मी सेटिंग केलं ते दार लावून, एसीच्या खोलीत, समोरासमोर बसून. तिथे ऐकू येणारच! स्पीकरवर गोंगाट लावून त्यात शब्द ओळखायची चाचणी त्या दिवशी मी घेतली नाही.

जुनं बरं का वाटलं, तेही सांगतो. वयोमानाने कान जातो तेव्हा आधी उंच पट्टीचे बारीक आवाज जातात. स, श, फ, थ त्यातच येतात, म्हणून ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. नवं मशीन ते आवाज परत देतं, पण ताटवाट्यांचा खणखणाटही त्याच पट्टीत असतो, तोही सोबत येतो. मेंदूला याची सवय व्हायला काही आठवडे लागतात. मात्र ‘सवय होईल’ एवढंच सांगून तुम्हाला परत पाठवणं बरोबर नव्हतं, कारण आमच्या हातातलंही बरंच बाकी आहे.

मशीनमध्ये दोन माइक असतात. समोरचा आवाज पुढच्या माइकवर किंचित आधी पोचतो, त्या फरकावरून मशीन मागचे-बाजूचे आवाज दाबतं. हॉटेलात चौघे टेबलाभोवती बसले असतील तर याचा उपयोग होतो. पंगतीत बोलणारा बसतो शेजारी, आणि मशीन नेमकं त्यालाच दाबतं! त्यात मंगल कार्यालयाची फरशी, उघड्या भिंती, डोक्यावर स्पीकर. घुमलेला आवाज सगळीकडून येतो, समोरूनही. (अशा हॉलमध्ये मलाही व्याह्यांचं बोलणं ओठांकडे बघूनच कळतं.) बाजूचं ऐकण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम टाकता येतो, तो टाकून देतो.

डोमचंही, म्हणजे मशीनच्या कानात जाणाऱ्या मऊ रबरी टोपीचंही, बघावं लागेल. भोकांचा मोकळा डोम कानाला हलका वाटतो, पण त्या भोकांतून गोंगाट थेट आत जातो, त्याला मशीन काही करू शकत नाही. बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड घातला तर फरक पडेल. सुरुवातीला स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटेल. चालेल का, ते बाबांनीच ठरवायचं.

सगळ्यात जास्त फरक पडतो बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायच्या छोट्या माइकने. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, आणि हा माइक तर तोंडापासून वीतभरावर असतो. तो वेगळा विकत घ्यावा लागतो, म्हणून आज घ्या म्हणणार नाही. आठवडाभर फुकट वापरायला न्या.

‘खपवलं’ हा शब्द मात्र मान्य नाही. कमी किमतीची दोन मशीनंही तुमच्यासमोर ठेवली होती. मशीन रोज किती तास कानात होतं याची नोंद त्यातच राहते. बाबांचा रिपोर्ट किंवा ती नोंद इथे चारचौघांत लिहिणार नाही, त्यांच्यासमोर बसून बघू.

चाचणी, डोम, मोल्ड, सेटिंग यांचे पैसे घेणार नाही. महिनाभराने बाबा ‘नको’ म्हणाले तर मशीन परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ.

शनिवारी संध्याकाळी सहाला या, आईंनाही आणा, त्यांचा आवाज बाबांच्या ओळखीचा आहे. या वेळी खोलीत बसायचं नाही. समोर रिक्षास्टँडला लागून चहाची टपरी आहे, लॅपटॉप घेऊन तिथेच सेटिंग करू.