‘हापूस विकायला वेबसाइट कशाला?’ या मेसेजला माझं उत्तर

हंगाम तोंडावर आला की आंबा बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. यंदाही तीन ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: वेबसाइटचे दिवस संपले, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप पुरे. करायचीच असेल तर एआयकडून एका दिवसात 100 लेख लिहून घ्या, त्यात ‘देवगड हापूस’ जमेल तितक्या वेळा घाला, मराठीच्या फंदात पडू नका. आणि साइट एकदा उभी राहिली की पाच वर्षं तिकडे बघायला नको.

मी सिंधुदुर्गातल्या लहान बागायतदारांच्या साइटींचा मजकूर लिहितो आणि सांभाळतो. हा मेसेज वाचून दोघांनी यंदा डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे भरले नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप पुरे.’ ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, हे खरंच आहे. जुनं गिऱ्हाईक थेट मेसेज टाकतं, त्याला साइट लागत नाही. पण पुण्यातल्या ज्या माणसाने तुमच्याकडून कधी आंबा घेतलेला नाही, तो पैसे पाठवण्याआधी तुमचं नाव शोधून बघतो. तिथे त्याला काय सापडतं? मागच्या मे महिन्यातलं एखादं रील, खाली ‘रेट प्लीज’ अशा वीस कमेंटी आणि एकालाही उत्तर नाही.

दुसरं असं की ही जागा आपली नाही. कोकणात कराराने बाग घेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. खत-पाणी आपण घालायचं, कलमं मात्र दुसऱ्याची. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि तिथे जमवलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सहाएक तास बंद होती. हे ऐन एप्रिलात झालं असतं तर? गुगल बिझनेस प्रोफाइलसोबत (गुगल मॅपवर दिसणारी धंद्याची नोंद) मिळणाऱ्या फुकट साइटीसुद्धा मार्च 2024 मध्ये बंद करण्यात आल्या. म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, साइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नको. सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का?

‘एआयकडून 100 लेख.’ या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण नुकसान इथेच होतं. एआय वापरणं हा गुन्हा नाही, गुगलही तसं म्हणत नाही. पण मार्च 2024 मध्ये गुगलने नियम स्पष्ट केला: शोधात वर येण्यासाठीच घाऊक तयार केलेली, वाचणाऱ्याच्या उपयोगाची नसलेली पानं स्पॅम धरली जातील, मग ती यंत्राने लिहिलेली असोत की माणसाने. त्याआधी डिसेंबर 2022 मध्ये मजकुराची पारख करणाऱ्यांसाठीच्या गुगलच्या मार्गदर्शिकेत एक निकष वाढवला गेला होता: अनुभव. लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केलंय का?

बागायतदाराकडे अनुभवाचाच तर साठा आहे. ‘आंबा खाण्याचे 10 फायदे’ हा लेख हजार साइटींवर आहे, 1001 वा कोण वाचणार? त्यापेक्षा गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं ते आठवा. पेटी आली, फळ अजून हिरवट आहे, आता काय करू? फ्रिजमध्ये ठेवू का? पेटी चार डझनाची आणि पाच डझनाची, तर फळात फरक काय? कार्बाइड नाही ना? यातल्या प्रत्येक प्रश्नाचं एक पान होतं. अढी कशी घालायची (म्हणजे फळ गवतात पिकत कसं ठेवायचं), गवत कसं पसरायचं, फळ उलटून कधी बघायचं, पिकेपर्यंत फ्रिज का नको, हे आपल्या आईने जसं सांगितलं तसं लिहा आणि सोबत आपल्याच पडवीतल्या अढीचा फोटो लावा. कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे आणि इथिलीन वायू ठरावीक मर्यादेत चालतो, हेही सांगा. आपण यातलं काय करतो आणि काय करत नाही, तेही सांगा.

आणि साक्याबद्दल लिहा. बहुतेकांना याची भीती वाटते. साका म्हणजे फळाच्या आतला गर खराब होऊन स्पंजासारखा होणं. तो बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. तो आपल्या पेटीत निघाला तर फळ बदलून देणार की पैसे परत, किती दिवसांत कळवायचं, फोटो कुठे पाठवायचा, हे चार ओळींत लिहिलेलं पान मी एका साइटवर टाकलं. मालकाला वाटलं होतं की लोक बिचकतील. पण तक्रारीचे फोन भांडणाच्या सुरात येणं कमी झालं, कारण काय होणार हे आधीच लिहिलेलं होतं.

‘देवगड हापूस’ जमेल तितक्या वेळा. हा सल्ला फार जुना आहे. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेली शोधशब्दांची यादी, आपण क्रमवारीसाठी बघत नाही, हे गुगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केलं. शब्द कोंबणं हे त्यांच्या स्पॅमच्या यादीत आहे. नाव चार वेळा कमी लिहा, पण पुरावा द्या. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तो नोंदणी क्रमांक आणि बाग कोणत्या गावात आहे, हे पहिल्याच पानावर हवं.

‘मराठीत कोण शोधतं?’ 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटींहून जास्त होते. अडचण माणसांची नाही, आपल्या फाइलींची आहे. माहितीपत्रक श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, तेच साइटवर चिकटवलं की कचरा उमटतो, म्हणून मग त्याचा फोटो लावतात. फोटोतला मजकूर सहज कॉपी करता येत नाही, मोबाइलवर नीट वाचता येत नाही आणि शोधात सापडेल याचाही भरवसा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, टाइप करा, इतकंच. बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजी पान जरूर ठेवा, पण ते सोबतीला.

‘पाच वर्षं बघायला नको.’ मागच्या वर्षीचा दर पानावर तसाच राहिला की अख्खा एप्रिल त्या दरावरून वाद घालण्यात जातो. ऑगस्टमध्ये ‘बुकिंग सुरू’ दिसलं की माणूस समजतो, दुकान बंद पडलं. जानेवारीत मोहर कसा आहे, फेब्रुवारीत कैरी सुपारीएवढी झाली का, थ्रिप्स किडीने किती खाल्लं, पहिली तोड कधी, एवढ्या चार नोंदी तारखेसह टाकल्या तरी पुरे. एका नोंदीला पंधरा मिनिटं लागतात.

ज्या दोघांनी डोमेन सोडलं, त्यांना मी कालच फोन केला. मुदत संपल्यावरही थोडे दिवस ते परत घेता येतं, म्हणून आधी पैसे भरा म्हटलं. हंगाम संपून पाऊस लागला की मी दोघांकडे जाणार आहे. तोवर त्यांनी गिऱ्हाइकांचे मेसेज पुसायचे नाहीत, एवढंच ठरलंय. त्यातले प्रश्न वहीत उतरवून काढू आणि पहिलं पान तिथून लिहायला घेऊ.