गूळ आणि पावडरीने बायोगॅस दुप्पट होत नाही

इंदूरमधील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरणारा एक संदेश सांगतो की, घरच्या बायोगॅस टाकीत गूळ व जिवाणू पावडर टाकल्यास गॅस दुप्पट होतो, शेण लागतच नाही आणि गॅस कमी पडला की ओला कचरा वाढवावा. हे सल्ले पाळून चांगल्या चालत्या टाक्या बंद पडतात, म्हणून त्यांचे उत्तर देणे आवश्यक वाटते.

गॅस किती निघेल हे टाकीत पडणाऱ्या अन्नावर ठरते. 1 किलो ग्लुकोज पूर्ण पचले तरी त्यातून सुमारे 370 लिटरपेक्षा अधिक मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) निघू शकत नाही, आणि ही मर्यादा कोणतीही पावडर ओलांडत नाही. गुळाने गॅस साठवणारा तरंगता ड्रम भराभर वर चढतो खरा, पण त्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे शेगडीची ज्योत मंदावते.

टाकी एकदा नीट चालू झाली की रोज शेण घालावे लागत नाही, एवढे बरोबर आहे. सुरुवातीला मात्र ते हवेच. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव जिवाणू नसून आर्किया या वेगळ्या गटातले आहेत (कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये हा भेद दाखवला), आणि ते गाईच्या पोटातून शेणासोबत आयतेच येतात. पावडरीतले बॅसिलससारखे जिवाणू अन्नाचे मोठे रेणू तोडतात, मिथेन बनवत नाहीत.

सर्वांत घातक सल्ला कचरा वाढवण्याचा आहे. कचऱ्यापासून आधी आम्ल बनवणारे जिवाणू काही तासांत दुप्पट होतात, तर मिथेनवाल्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. या दोघांमध्ये प्रोपिओनिक आम्ल फोडणारे जिवाणू असतात, आणि त्यांनी सोडलेला हायड्रोजन मिथेनवाल्यांनी लगेच वापरला तरच त्यांचे काम पुढे सरकते. हे सहजीवन इतके घट्ट असू शकते की, दीर्घकाळ एकच समजला गेलेला एक मिथेन-जीव प्रत्यक्षात दोन सूक्ष्मजीवांची जोडी असल्याचे 1967 मध्ये उघड झाले. कचरा वाढला की आम्ल साचते, सामू (pH) 6.5 च्या खाली जातो, मिथेनवाले थंडावतात, हायड्रोजन साठतो आणि आम्ल आणखी वाढते.

संदेशात इंदूरमधल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचा दाखला आहे. 2022 मध्ये सुरू झालेल्या, रोज 550 टन क्षमतेच्या त्या प्रकल्पाचा पाया वेगळा काढलेला ओला कचरा हा आहे, गूळ नव्हे.

स्लरीला (टाकीतल्या पातळ मिश्रणाला) आंबट वास येऊ लागला, तर कचरा घालणे थांबवावे, दुसऱ्या चालू टाकीतली स्लरी मिसळावी आणि ज्योत पुन्हा निळी झाल्यावरच थोडाथोडा कचरा सुरू करावा.