‘पुणे देशात पहिलं’ : खुलासा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज आला: ‘राहण्यायोग्य शहरांत पुणे देशात पहिलं, केंद्राची घोषणा. भाव वाढायच्या आत फ्लॅट बुक करा.’ सोबत पिवळट पडलेल्या कात्रणाचा फोटो, तारखेची ओळ बरोब्बर कापलेली.

घोषणा खरी आहे, पण ऑगस्ट २०१८ची. केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाच्या निर्देशांकात तेव्हा १११ शहरांत पुणे पहिलं आलं होतं. मार्च २०२१च्या यादीत दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत बंगळुरू पहिलं, पुणे दुसरं. त्याच दिवशी महापालिकांच्या कामगिरीची यादीही आली. तीत पुणे पाचवं, आणि एक पायरी वर पिंपरी-चिंचवड! हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

मेसेजखालची जाहिरात हिंजवडीची. हिंजवडीला ग्रामपंचायत आहे, ती पुणे महापालिकेत नाहीच. मग तो पहिला नंबर तिथल्या फ्लॅटला कसा लागू होणार? शिवाय क्रमांक राहणीमानाचा होता, भाववाढीचा नव्हे.

बुकिंग करायचंच असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका. काम पूर्ण करण्याची बिल्डरने दिलेली तारीख आणि कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, तिथे दिसते. टँकरचं मात्र वॉचमनलाच विचारा.